शेवळं, काकडं आणि सरावपाठ

गेल्या वर्षीच्या जूनमधला एक रविवार. पाऊस पडून आठवडा झाला होता, म्हणजे जांभळी नाक्याला शेवळं, ही पावसाळी रानभाजी, आली असणार, हे ठाण्यातल्या जुन्या घरांत कुणी कुणाला सांगत नाही. पिशवी घ्यायची आणि निघायचं. सासूबाईंनी वाळवलेल्या कोलंबीचे सोडे आधीच काढून ठेवले होते. मार्केटच्या तोंडाशी नेहमीच्या जागी त्या बायका बसल्या होत्या. शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवरून पहाटेच्या गाडीने आलेल्या, पुढ्यात ओलं फडकं, फडक्यावर जुड्या, बाजूला काकडांचे, म्हणजे शेवळांबरोबर शिजवायच्या हिरव्या आंबट फळांचे, छोटे छोटे वाटे. ओली माती आणि ते जांभळट कोंब यांचा मिळून एक उग्र वास येतो, तो वर्षातून फक्त त्या पंधरा दिवसांत भेटतो. मी बरीच वर्षं एकाच बाईकडून शेवळं घेते. तिच्याकडेच वळले आणि दोन पावलांवर थबकले. तिच्या शेजारी ओढणी डोक्यावरून पुढे ओढून एक मुलगी जुड्या बांधत होती. तिने मान वर केली. माझी विद्यार्थिनी. डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक व्हायच्या पदविकेच्या, पहिल्या वर्षाचा शेवटचा पेपर देऊन नुकतीच घरी गेलेली.

मी नजर चुकवली.

तिने चुकवली असती तर समजण्यासारखं होतं. एकोणीस-वीस वर्षांची पोर, आईबरोबर बाजारात बसलेली, आणि समोर कॉलेजच्या मॅडम. पण आधी मी चुकवली. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, असं मी लगेच स्वतःला सांगून टाकलं. अवघडले मी होते. पुढच्या बाईकडून दोन जुड्या घेतल्या, सांगेल तो भाव दिला आणि गोखले रोड न बघताच घरी आले. त्या घाईत काकडं राहिली. शेवळं करणाऱ्यांना पुढचं सांगायला नकोच. वरची पानं सोलली, आतला पिवळा भाग टाकला, बारीक चिरून तेलावर परतली, सोडे घातले, चिंचेचा कोळ घालून वेळ मारून नेली. पण शेवळांची खाज मारायचं काम काकडांनीच करायचं असतं. दुसऱ्या घासाला सासूबाई थांबल्या. "काकडं घातली नाहीस?" संध्याकाळपर्यंत आम्हा तिघांचेही घसे खवखवत होते. माझा जरा जास्तच दिवस.

तिचं नाव इथे लिहीत नाही. हे ती वाचणार आहे, आणि नाव दिसलं तर पाड्यावरच्या प्रत्येक फोनवर फिरेल, मग मला तिकडे जायची सोय राहणार नाही. डोळखांबच्या पुढे तिचा पाडा. ठाकरांची तीसेक घरं आणि ओढ्यापलीकडे कातकऱ्यांची वाडी. आश्रमशाळेतून बारावी, मग ठाण्यात वसतिगृह आणि आमचं अध्यापक विद्यालय. वर्गात ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. पाठ टाचण, म्हणजे शिकवायच्या पाठाचा लेखी आराखडा, मात्र असं लिहायची की नमुना म्हणून पुढच्या बॅचला दाखवावं. आता टाचण आणि पाठ यांत जे अंतर असतं ते प्रत्येक छात्राध्यापकाला चालून जावंच लागतं. तिचं अंतर इतरांपेक्षा लांब आहे हे मला पहिल्या वर्षीच्या सरावाच्या चार आठवड्यांत दिसलं होतं.

शहरातल्याच एका सराव शाळेत तिचा पाचवीवर पाठ होता. विषय कोन. फळ्यावर आकृत्या देखण्या, रंगीत खडू, पुठ्ठ्याचा कोनमापक घरी केलेला. सगळं बेतलेलं जमत होतं. मग तिने विचारलं, "याला काय म्हणतात, कोन सांगेल?" तिच्या बोलीत ण नाही. पाणी पानी असतं, लोणी लोनी असतं, आणि कोण कोन असतो. तिसऱ्या बाकावरचा एक चुणचुणीत मुलगा उठला आणि म्हणाला, "काटकोन सांगेल!" वर्ग फुटला. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. विनोद म्हणून तो अस्सल होता, त्या मुलाला अजून कधी भेटले तर चॉकलेट देईन. तीही हसली, पण खडू धरलेला हात फळ्यावरच राहिला. पुढचे पंचवीस मिनिटं तिने एकही प्रश्न विचारला नाही. सगळं स्वतःच सांगून टाकलं. मी तिच्या वहीत लाल शाईने शेरा लिहिला: "ण व न यांच्या उच्चारांकडे लक्ष द्यावे. प्रश्नांची संख्या वाढवावी." दोन्ही वाक्यं बरोबर होती. एकाच पाठाखाली ती एकाखाली एक लिहिताना त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे मात्र लिहिणाऱ्या बाईच्या लक्षात आलं नव्हतं.

तर शेवळांच्या त्या रविवारनंतर कॉलेज उघडलं, आणि दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेच्या शाळा वाटायची वेळ आली. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. बाजाराचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. मी म्हटलं, "तुझ्या पाड्याच्या शाळेतच घेतेस का इंटर्नशिप? मी परवानगी काढते." मला वाटलं तिचा चेहरा उजळेल. घरची माणसं, घरची भाषा, कुणी हसणार नाही. मनातल्या मनात मी तिला एक मोठी भेट देत होते, आणि भेटीच्या कागदात तो रविवारही गुंडाळत होते. तिने जरा वेळ टेबलावरच्या पेनस्टँडकडे पाहिलं.

"मॅडम, तिथं मला कोन मॅडम म्हननार?"

मी ते लाजणं समजले. माणसाला दुसऱ्याचं लाजणं सोयीचं असतं, त्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढता येतो.

परवानगीचं म्हणाल तर, नियमांत अडचण काहीच नव्हती. शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईने 2014 साली जे नियम केले त्यांत आंतरवासिता 20 आठवड्यांची झाली. पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 16. शाळा कुठली हवी, रिक्षाच्या अंतरावरची की एसटीच्या, असं त्यात लिहिलेलं नाही. पण नियमांच्या शेजारी सवयींची एक वही असते, आणि कॉलेजं त्या वहीवर चालतात. सराव शाळांची आमची यादी पंधरा वर्षांत बदललेली नाही, कारण निरीक्षणाला जाणाऱ्या प्राध्यापकाला दोन पाठ पाहून जेवायला कॉलेजात परतता आलं पाहिजे. प्राचार्यांनी एकच प्रश्न विचारला. "तिथे निरीक्षणाला कोण जाणार?" मी म्हटलं, मी. उत्साहाच्या भरात मी एक टिपणही जोडलं होतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने 1974 मध्ये तिथल्या आदिवासी शिक्षकांसाठी अभ्यासक्रम काढला तेव्हा सुरुवातीची वर्षं विद्यार्थ्यांना आपल्या भागाजवळच्या केंद्रांत राहून शिकायची सोय केली, वगैरे. प्राचार्यांनी टिपण उलटं करून त्यावर माझ्या तीन फेऱ्यांच्या तारखा लिहिल्या. त्यांचंही चूक नव्हतं. कॅनडाची एसटी डोळखांबला जात नाही.

मग एका कार्यालयात तीन खेपा. पहिल्यांदा साहेब बैठकीला, दुसऱ्यांदा पत्रावर जावक क्रमांक नाही, तिसऱ्यांदा टेबलामागचे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, ही शाळा अवघड क्षेत्रात येते. मुलीला कशाला पाठवताय?" मी म्हटलं, तिचं घर आहे तिथे. ते हसले, सही झाली. शिक्षकांच्या बदल्यांसाठी शाळांचे असे दोन भाग करतात, सर्वसाधारण क्षेत्र आणि अवघड क्षेत्र. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला तिथे राहणं अवघड जातं, म्हणून ते अवघड. यादी त्या दृष्टीने खरीच आहे. पण परत येताना आसनगावच्या फलाटावर माहुलीचा सुळका ढगात जाताना बघत बसले आणि मनात आलं, आपलं घर अवघड क्षेत्राच्या यादीत आहे हे कळल्यावर कसं वाटत असेल? आमचं नौपाडं कुणासाठी अवघड क्षेत्र आहे, याची यादी कुणी केलेली नाही. केली तर त्यात तिच्या वसतिगृहाची खोली, काटकोनाचा तो वर्ग आणि बहुधा मीही येईन.

डी.एड.ला असताना आमची सहल कोसबाडला गेली होती. तेव्हा कोसबाड ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर वेगळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, हे आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. टेकडीवर उभं राहिल्यावर मला आवडली होती ती कुरणशाळा. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. केवढी साधी गोष्ट. आमच्या एका मैत्रिणीने तिथल्या ताईंना विचारलं होतं, "पण मग हजेरी कुठे घ्यायची?" आम्ही तिला सहलभर चिडवलं. तीस वर्षांनी तोच प्रश्न मी फायलीत घालून फिरत होते, आणि मला कुणी चिडवत नव्हतं एवढाच फरक.

पहिल्या निरीक्षणाला जुलैच्या शेवटी गेले. सकाळची कसारा गाडी उलट्या दिशेने रिकामी असते, खिडकी मिळते. टिटवाळ्यानंतर इमारती संपतात, खडवलीला भातसा नदी लागते. आमच्या घरचा नळ तिच्याच पाण्याचा. आसनगावला उतरायचं, शहापूरला जायचं, तिथून डोळखांबची एसटी, मग जीप जाईल तिथवर जीप आणि उरलेलं चालत. चाळीस मिनिटं, छत्री उलटी होईल असा पाऊस, दोन्ही बाजूंना गुडघाभर पाण्यात वाकलेल्या माणसांच्या रांगा. आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. डोक्यावरची इरली आता गेली, प्लास्टिकचे निळे कागद आले, वाकणं तेच आहे. शाळेच्या दोन खोल्या आणि एक व्हरांडा. ती दारात उभी होती, कॉलेजचा आकाशी युनिफॉर्म, वर पिन केलेली ओढणी, पाय अनवाणी. चपला चिखलात रुततात म्हणून तिथे पावसाळ्यात कुणी घालतच नाही. "नमस्ते मॅडम," ती म्हणाली, आणि मागून वीसेक आवाज म्हणाले, "नमस्ते मॅडम." आवाज शिकवून बसवलेला होता.

पाठ अपूर्णांकांचा होता, तिसरी-चौथीला एकत्र. प्रस्तावना झाली. फळ्यावर वर्तुळ निघालं. आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली, काष्टा खोचलेली, कोपरापर्यंत चिखल. "अगं ए, तुझी शेली आमच्या रोपात शिरली ना!" वर्गाला काहीच नवल वाटलं नाही. माझ्या विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं. त्या एका क्षणात मला तिचा स्टाफरूममधला प्रश्न ऐकू आला. कोन मॅडम म्हननार? इथे ती अमक्याची पोर होती, शेळीची मालकीण होती, त्या बाईची नात्याने पुतणी की भाची होती. मॅडम व्हायला आधी अनोळखी असावं लागतं. ती म्हणाली, "आलो मॅडम," आणि पावसात पळाली. मी मागच्या भिंतीशी निरीक्षण वही मांडीवर घेऊन बसले होते. मुलं माझ्याकडे वळून बघत होती. एका मुलीने माझ्या घड्याळाला बोट लावून पाहिलं. पाच मिनिटांनी ती परत आली, गुडघ्यापर्यंत भिजलेली, धापा टाकत, आणि जिथे सोडलं होतं बरोबर तिथून तिने वाक्य उचललं: "तर विद्यार्थी मित्रांनो, आज आपण अपूर्णांक या घटकाचा अभ्यास करणार आहोत." प्रत्येक ण जागच्या जागी. मी लाल शाईने मागितलेले सगळे ण. मुलं गप्प. अंश वर, छेद खाली. एक छेद पाच मोठा की एक छेद सहा? एक छेद सहा, सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, कारण सहा पाचाहून मोठा. ठाण्यातली मुलंही हेच उत्तर देतात, त्यात पाड्याचा दोष नाही.

पाठ संपला. मी वही मिटली, "छान" म्हटलं आणि छत्री झटकायला व्हरांड्यात आले. तिला वाटलं मी गुरुजींच्या खोलीत गेले. भिंत अर्धीच होती, वर जाळी. आतला आवाज बदलला. शब्द मला सगळे कळले नाहीत, जे कळले ते असे. वलगणीच्या दिवशी ओढ्यात मासे धरले होते ते आठवतात का? आठवत होते. पाच घरं मिळून धरले, तर वाटे किती? पाच! मग वाटे लावताना पलीकडचा म्हातारा आला, त्यालाही द्यायचं, मग? सा वाटं! मग आपला वाटा मोठा झाला का बारका? एकदम कालवा उठला. कुणीतरी पोटतिडकीने सांगत होतं की त्या दिवशी खरंच तसं झालं आणि त्याच्या घरी फक्त शेपटीकडचे आले. "बारका! वाटा बारका होनार!" तिने फळ्यावर खडू आपटल्याचा आवाज आला. मग एक छेद सहा मोठा कसा म्हनलात रे? आणि हसू. तिचंही.

मी पावसाकडे तोंड करून उभी राहिले, आत गेले असते तर तो पाठ बंद पडला असता. मी समोर बसले होते तोवरचा पाठ माझ्यासाठी होता. कायद्यात लिहिलंय, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, की शिकवण्याचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावी. शक्य तिथवर. त्या दिवशी ते जाळीच्या भिंतीपर्यंत होतं. निरीक्षण वहीत प्रस्तावना, उद्दिष्टकथन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, साधनांचा वापर, वर्गनियंत्रण असे रकाने असतात. शेळीचे गुण कुठे कापायचे? वाट्यांचे कुठे द्यायचे, मी तर ते पाहिलेच नाहीत, ऐकले. परतीच्या गाडीत वासिंद गेल्यावर शेऱ्याच्या जागी लिहिलं: "मी वर्गात नसताना पाठ अधिक चांगला झाला." प्राचार्यांनी पुढे ती वही तपासताना त्या वाक्याशेजारी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय. अजून आहे.

त्या दिवशी दुपारी तिच्या घरी नेल्याशिवाय तिने सोडलं नाही. चुलीचा धूर, कुडाची भिंत, नागलीची भाकर, सुक्या बोंबलाची चटणी, कोरा चहा. तिची आई भाकर थापता थापता मला न्याहाळत होती. मी तिला आल्या आल्याच ओळखलं होतं आणि देवाकडे प्रार्थना करत होते की तिने मला ओळखू नये. "तुमी जांभळी नाक्याला येता ना?" हो म्हटलं. "नेमी आमच्याकडनं घेता." हो. "औंदा पुढं गेलात." त्यात टोमणा नव्हता. गिऱ्हाईक गेलं ते कशामुळे, माल खराब होता का, एवढंच तिला हवं होतं. मी म्हटलं, घाईत होते. माझी विद्यार्थिनी पाठमोरी बसून चुलीत फाटी सरकवत राहिली, सरकवायची गरज नव्हती तरी.

घरच्या गावी सराव केला की सगळं सोपं होतं, असं मला वाटायचं. वसतिगृहात तिला रात्री टाचण लिहायला टेबल होतं आणि दिवा होता. इथे पहाटे पाणी, मग चूल, शाळा, संध्याकाळी धाकट्या भावंडांचं, आणि टाचण मोबाइलच्या उजेडात. पगार नसलेल्या कामाला घरात काम कोण म्हणतं? भाताची आवणी उरकून नागलीची सुरू झाली तेव्हा ती तीन दिवस शाळेत गेलीच नाही. मला गुरुजींकडून कळलं. मी तिला लांबलचक मेसेज लिहिला. जबाबदारी, विश्वास, मी तुझ्यासाठी किती खटपट केली, असले शब्द. दोन दिवस त्यावर एकच खूण होती. पाड्यावर टॉवर येतो तो फक्त वरच्या उंबराखाली. तिसऱ्या दिवशी त्या उंबराखालून फोन आला. "मॅडम, मानसं कमी होती. मी नसते गेले तर रोप कुजलं असतं." मी तो मेसेज माझ्या फोनवरून पुसला. तिच्या फोनवर तो असेलच.

गुरुजींबद्दलही लिहायला हवं, नाहीतर ते खलनायक वाटतील. मराठवाड्यातला माणूस, बायको-मुलं तिकडे, आठ वर्षं आंतरजिल्हा बदलीची वाट बघतोय. सप्टेंबरमध्ये मी न कळवता गेले तर शाळेत ते नव्हते, दोन्ही खोल्या ती एकटी सांभाळत होती, एका वर्गाला पाढे लिहायला देऊन दुसऱ्यात धावत. छात्राध्यापकाच्या भरवशावर शाळा सोडायची नसते. तासाभराने ते मोटारसायकलवरून आले, भिजलेले. "ऑनलाइन माहिती भरायची होती मॅडम. नेट डोळखांबला आहे." मी रागावायचं ठरवून बसले होते. त्यांनी पिशवीतून मुलांसाठी आणलेल्या पेन्सिली काढल्या, स्वतःच्या पैशाने आणलेल्या, आणि माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. ती मात्र खूश होती. "सर नसले की मुलं मला मॅडम म्हनतात," ती म्हणाली. मग लगेच, "असले की ताई."

बुडलेले दिवस भरून काढायला तिला दिवाळीनंतर थांबावं लागलं. कॅलेंडरवर ते सोपं दिसत होतं. तिसऱ्या निरीक्षणाला गेले तेव्हा पटावर 23 आणि समोर 11. ओढ्यापलीकडची वाडी जवळजवळ रिकामी, काही दारांना काट्या लावलेल्या. भट्टीमालकाचा बयाणा गणपतीतच घेऊन झालेला असतो, दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. तिकडे त्याला जगायला जाणं म्हणतात. मुलांबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेने त्यांना बसवून घ्यावं. ती कार्डं तिनेच भरली होती, मोत्यासारख्या अक्षरात, कुणाची भट्टी कुठली ते विचारून विचारून. हजेरीपटावर गुरुजींचे लाल "गै" होते. त्यांच्या बाजूला समासात पेन्सिलने, अगदी बारीक, तिने लिहिलं होतं: जगायला, भिवंडी. जगायला, खारबाव. जगायला, ठाऊक नाही. सोळा आठवडे पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रावर शाळेचा गोल शिक्का हवा होता, तो केंद्रशाळेत राहिला होता, तो आणायला आणखी एक दिवस गेला. मग झालं पूर्ण.

तिच्या वर्गातल्या दोघींना मार्चमध्येच नोकऱ्या लागल्या. पगार फुटकळ, पण लागल्या. ज्या खासगी शाळांत त्यांनी आंतरवासिता केली तिथल्या मुख्याध्यापिकांनी त्यांना सोळा आठवडे डोळ्यांसमोर पाहिलं होतं, जागा निघाल्यावर बोलावलं. शहरातल्या सराव शाळेचा हा एक उपयोग असतो, यादी करताना तो कुणी बोलत नाही. माझ्या विद्यार्थिनीला सोळा आठवडे कुणी पाहिलं? एका बदलीची वाट बघणाऱ्या माणसाने, तेवीस मुलांनी आणि एका शेळीने. मी पाहिलं, पण माझ्या हातात जागा नसतात. तिने जांभळी नाक्याजवळच्या त्या नेहमीच्या शाळेत सराव केला असता, मान खाली घालून, ण सांभाळून, तर आज तिला बोलावणं आलं असतं का? रात्री हा हिशोब मी वेगवेगळ्या बाजूंनी मांडते. मासे आठवतात, आणि मग त्या दोघींचे पेढे आठवतात.

या जूनमध्ये एका शनिवारी रात्री तिचा फोन आला. मागे बेडूक ओरडत होते, म्हणजे उंबराखालूनच. "मॅडम, शेवळं आलीत. आई उद्या बसंल. मी नाय येनार, टीईटीचा क्लास लावलाय शहापूरला, रविवारचा असतो. तुमची काकडं वेगळी काढून ठेवलीत."

सकाळी साडेसातला गेले. तिची आई त्याच जागी, तेच ओलं फडकं. मला बघून तिने मागच्या टोपलीतून पळसाच्या पानात बांधलेली पुडी काढली आणि चार जुड्या पुढे केल्या. मी दोनच म्हटलं, तिने चारच ठेवल्या. पैशांवरून आमची थोडी झटापट झाली, त्यात शेजारची बाईही पडली. मग गिऱ्हाईक जरा पातळ झाल्यावर तिने हात पदराला पुसले आणि विचारलं, "मॅडम, पोरीचा कोर्स झाला. आता नोकरी कवा लागंल?"

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, त्यानंतर अभियोग्यता चाचणी, त्यानंतर भरतीचं पवित्र पोर्टल, त्यानंतर जागा निघतील तेव्हा. हे सगळं मला क्रमाने सांगता आलं असतं, वर्गात सांगतेच. मी पळसाचं पान उघडलं आणि काकडं मोजल्यासारखं केलं. पंधरा होती. चार जुड्यांना पुरून उरली असती.

"पुरतील ना?" तिने विचारलं.